'आपला' म्हणण्याचा अधिकार

मुष्टियुद्धाचा एखादा मोठा सामना ठरला की, प्रत्यक्ष लढतीच्या आधीच त्याच्या चाहत्यांत एक जुना वाद नव्याने रंगतो. या खेळाचे खरे घर कोणते? इंग्रज म्हणतो, आमचे. कारण नियम आम्ही दिले. अमेरिकन म्हणतो, आमचे. कारण जगज्जेते आम्ही दिले. ग्रीक माणूस दोघांकडे पाहून हसतो आणि ऑलिंपियाचे नाव घेतो. क्यूबाचा चाहता पदके मोजून दाखवतो, आयर्लंडचा पूर्वजांची नावे सांगतो, तर मेक्सिकोचा म्हणतो की, घर कागदावर नसते, काळजात असते, आणि या खेळावर आमच्याइतके प्रेम कोणीच केलेले नाही. हा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तो मिटावा अशी वाद घालणाऱ्यांचीही फारशी इच्छा दिसत नाही.

आम्ही या खेळाचे जाणकार नव्हे. दोन माणसांनी एकमेकांच्या मस्तकावर ठोसे मारावेत आणि हजारोंनी ते पाहावे, याविषयी आमच्या मनात पूर्वीपासूनच एक अस्वस्थता आहे. तरीही हा वाद आम्हांला क्षुल्लक वाटत नाही, आणि त्याचे कारण त्यातला 'घर' हा शब्द आहे. आपल्या मराठी भाषेत एकाच माणसाची किती घरे असतात! आई जिथे वाढली ते आजोळ, स्वतः जिथे वाढलो ते माहेर, जिथे नांदलो ते सासर. प्रत्येक घराशी नाते निराळे आणि त्या नात्याचे देणेही निराळे. म्हणून खरे घर कोणते हा प्रश्न केवळ इतिहासाचा राहत नाही. एखाद्या गोष्टीला अथवा माणसाला 'आपला' म्हणण्याचा अधिकार कशाने येतो, असा तो नीतीचा प्रश्न होतो. जन्माने, नियमाने, वैभवाने की प्रेमाने? एकेकाचा दावा शांतपणे ऐकून पाहू.

पहिला दावा जन्माचा, म्हणजे ग्रीसचा. तो नाकारणे कठीण आहे. प्राचीन ऑलिंपिक स्पर्धांत मुष्टियुद्धाचा समावेश इ. स. पूर्व ६८८ या वर्षी झाला. त्याहीपूर्वीच्या होमरच्या 'इलियड' महाकाव्यात पॅट्रोक्लसच्या अंत्यविधीनंतरच्या खेळांत मुष्टियुद्धाचे वर्णन आहे. थेरा बेटावर उत्खननात सापडलेल्या, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या भित्तिचित्रात तर दोन कोवळी मुले एकमेकांवर मुठी उगारून उभी आहेत. संत पौलाने करिंथ येथील श्रद्धावंतांना लिहिताना हवेत ठोसे मारणाऱ्या मुष्टियोद्ध्याचा दाखला दिला, तो उगीच नव्हे. करिंथजवळच इस्थमियन क्रीडास्पर्धा भरत असत, आणि त्याच्या वाचकांना हे दृश्य परिचयाचे होते.

पण जन्माचा दावा थोडा खोलात जाऊन पाहिला की डळमळू लागतो. इ. स. पूर्व ६८८ मधील त्या पहिल्या विजेत्याचे नाव ओनोमास्टस. या खेळाचे आरंभीचे नियमही त्यानेच घालून दिले असे प्राचीन लेखक सांगतात. तो स्मर्ना नगरीचा. ती स्मर्ना आज इझमीर या नावाने तुर्कस्थानात आहे. मग पहिल्या ऑलिंपिक मुष्टियोद्ध्याचे घर ग्रीस म्हणावे की तुर्कस्थान? शिवाय प्राचीन काळचे ते मुष्टियुद्ध आणि आजचे मुष्टियुद्ध यांच्यामध्ये हजारएक वर्षांची पोकळी आहे. ऑलिंपिक स्पर्धा बंद पडल्या, रोमन आखाडे ओस पडले आणि हा खेळ युरोपच्या नोंदींतून जवळजवळ नाहीसा झाला. नातवाने न पाहिलेल्या आजोळासारखे हे नाते आहे. त्याचा आदर करावा, पण संसार तिथे झाला असे म्हणता येत नाही.

दुसरा दावा नियमाचा, म्हणजे इंग्लंडचा. तिथे १६८१ पासून अशा लढतींच्या नोंदी सापडतात. १७१९ च्या सुमारास जेम्स फिग हा पहिला विजेता मानला गेला. पण इंग्लंडचा दावा खऱ्या अर्थाने उभा राहतो तो १७४३ साली जॅक ब्रॉटन या मुष्टियोद्ध्याने केलेल्या नियमांवर. परंपरा अशी सांगते की, ब्रॉटनशी झालेल्या लढतीनंतर जॉर्ज स्टीव्हन्सन नावाचा त्याचा प्रतिस्पर्धी काही दिवसांत मरण पावला आणि त्या पश्चात्तापातून ब्रॉटनने नियम लिहायला घेतले. त्यातील एक नियम असा होता की, खाली पडलेल्या माणसाला मारू नये. आज हा नियम इतका स्वाभाविक वाटतो की, तो कोणाला लिहून ठेवावा लागला असेल याचेच आश्चर्य वाटते. तो लिहावा लागला, कारण त्यापूर्वी तो पाळला जात नव्हता.

पुढे १८६७ साली क्वीन्सबरी नियम प्रसिद्ध झाले. तीन मिनिटांची फेरी, एक मिनिटाची विश्रांती, पडलेल्याला उठण्यासाठी दहा सेकंद आणि हातांत मोजे, हे आजचे रूप त्या नियमांचे. हे नियम लिहिले जॉन ग्रॅहम चेंबर्स यांनी, जे वेल्समध्ये जन्मले. त्यांना नाव मिळाले क्वीन्सबरीच्या मार्क्विसचे, जे स्कॉटिश उमराव होते आणि ज्यांचा जन्म इटलीतील फ्लॉरेन्स येथे झाला होता. इंग्लंडच्या माहेरघरातील ही माणसेसुद्धा अशी चहूकडून आलेली!

आणि या घरात प्रत्यक्ष रक्त सांडले ते कोणाचे? अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडचा विजेता होता डॅनियल मेंडोझा, लंडनचा एक ज्यू. उंचीने व वजनाने प्रतिस्पर्ध्यांपेक्षा लहान असल्यामुळे त्याने पायांच्या हालचाली आणि बचावाचे तंत्र विकसित केले, आणि या खेळाला केवळ बळाच्या पलीकडे नेले. ज्या समाजाने ज्यूंना समान नागरिक मानले नव्हते, त्याच समाजाने मेंडोझाला मात्र आपले म्हटले. १८१० च्या डिसेंबर महिन्यात टॉम क्रिब या इंग्रज विजेत्यापुढे टॉम मॉलिनो नावाचा एक कृष्णवर्णीय उभा राहिला. तो अमेरिकेत गुलामगिरीत जन्मला होता. त्या दिवशी तो विजयाच्या अगदी जवळ पोहोचला. प्रेक्षकांनी घातलेल्या गोंधळामुळे आणि क्रिबला सावरायला मिळालेल्या जादा वेळामुळे त्याच्यावर अन्याय झाला, असे अनेक इतिहासकारांचे मत आहे. पुढच्या वर्षी तो पुन्हा हरला. १८१८ साली आयर्लंडमधील गॉलवे येथे दारिद्र्यात त्याचा अंत झाला, तेव्हा तो अवघा चौतीस वर्षांचा होता. अमेरिकेत जन्म, इंग्लंडमध्ये लढत, आयर्लंडमध्ये मृत्यू. आज या तिन्ही देशांचे चाहते खरे घर कोणाचे म्हणून भांडतात. परंतु मॉलिनो या तिन्हींपैकी कोणत्या घरी होता, हे कोणी विचारीत नाही.

तिसरा दावा वैभवाचा, म्हणजे अमेरिकेचा. आकड्यांच्या भाषेत तो सर्वांत भक्कम आहे. बॉस्टनमध्ये आयरिश स्थलांतरितांच्या पोटी जन्मलेल्या जॉन एल. सलिव्हनने १८८९ साली मिसिसिपी राज्यात जेक किलरेनशी पंचाहत्तर फेऱ्यांची झुंज दिली. उघड्या मुठींनी झालेली हेवीवेट विजेतेपदाची ती शेवटची मोठी लढत होय. त्यानंतरचे शतक बहुतांशी अमेरिकेचे. न्यूयॉर्कचे मॅडिसन स्क्वेअर गार्डन हे या खेळाचे जणू देवालयच झाले.

पण या घराने आपल्या मुलांना कसे वागविले? जॅक जॉन्सनचे आईवडील पूर्वाश्रमीचे गुलाम. जगज्जेतेपदासाठी त्याच्याशी लढण्याची संधी श्वेतवर्णीय विजेते त्याला देत नव्हते. अखेर १९०८ साली ती त्याला मिळाली, तीही अमेरिकेत नव्हे तर ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे. १९१० साली त्याने रीनो येथे जेम्स जेफ्रीजला हरवले, तेव्हा अमेरिकेतील अनेक शहरांत दंगली उसळल्या आणि माणसे मारली गेली. १९१३ साली एका वर्णद्वेषी खटल्यात तो दोषी ठरला आणि त्याने देश सोडला. सात वर्षे तो परदेशांत भटकला, जगज्जेतेपद त्याने हवानात गमावले, आणि १९२० मध्ये परत येऊन त्याने तुरुंगवास भोगला. त्याच्या देशाने त्याला माफी दिली ती २०१८ साली, त्याच्या मृत्यूनंतर बहात्तर वर्षांनी. मुहंमद अलीने १९६७ साली सैन्यभरतीस नकार दिला, तेव्हा त्याचे पद काढून घेण्यात आले आणि लढण्याचे परवानेही गेले. १९९६ साली अटलांटात कंप पावणाऱ्या हातांनी त्यानेच ऑलिंपिक ज्योत पेटवली, तेव्हा साऱ्या देशाचे डोळे पाणावले. त्या दिवशी तो सर्वांचा 'आपला' होता. मधल्या वर्षांत तो कोणाचा होता?

चौथा दावा प्रेमाचा. तो करणारे देश बहुधा गरीब आहेत. १९९३ च्या फेब्रुवारीत मेक्सिको शहरातील अझ्टेका स्टेडियममध्ये हुलिओ सेझर चावेझची लढत पाहायला सव्वा लाखाहून अधिक माणसे जमली होती. फिलिपीन्समध्ये मॅनी पॅकियाओची लढत असली की रस्ते ओस पडत. क्यूबाने १९६२ साली धंदेवाईक खेळावर बंदी घातली आणि तरीही, किंवा कदाचित त्यामुळेच, हौशी मुष्टियुद्धात जगाला मागे टाकले. तेओफिलो स्टीव्हन्सनने १९७२, १९७६ आणि १९८० अशा तीन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकले. अमेरिकेत येऊन लढण्यासाठी देऊ केलेले लक्षावधी डॉलर त्याने नाकारले. त्याच क्यूबाने २०२२ साली आपल्या खेळाडूंना धंदेवाईक लढतींची परवानगी दिली.

आपल्या देशाचा या साखळीतील दुवाही मोठा मजेचा आहे. इंग्रजी अमलाखाली १९२५ साली मुंबई इलाख्यात हौशी मुष्टियुद्धाची संघटना स्थापन झाली, म्हणजे पहिले बीज इंग्लंडचे. पण आज भारतीय मुष्टियुद्धाचे नाव निघाले की, हरियाणातील भिवानीचे नाव निघते, आणि त्या गावाला कौतुकाने 'छोटा क्यूबा' म्हणतात. भारतीय मुष्टियोद्ध्यांच्या एका पिढीला घडविणारे बी. आय. फर्नांडिस हे प्रशिक्षक क्यूबाचेच. २०१२ साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, आणि तो मिळविणारे ते पहिले परदेशी प्रशिक्षक ठरले. विद्येचे घर कोणते, हे विद्यार्थ्याच्या अंगणात उभे राहून पाहिले की उत्तर असे बदलते.

अशा रीतीने चारही दावे ऐकले, आणि चारही काही अंशी खरे निघाले. मग निवाडा कसा करायचा?

इथे आम्हांला जुन्या करारातील शलमोन राजाचा न्याय आठवतो. एका बालकावर दोन स्त्रिया हक्क सांगत होत्या. दोघींचाही दावा सारखाच ठाम होता, आणि साक्षीदार कोणी नव्हता. जन्माचा पुरावा, घराचा पुरावा, प्रेमाचे शब्द यांतून राजाला काहीच ठरवता येईना. मग त्याने बालकाचे दोन तुकडे करण्याची आज्ञा दिली. एक स्त्री म्हणाली, करा. दुसरीने आपला हक्क सोडला, केवळ बालक जगावे म्हणून. राजाने ओळखले की, आई ती हीच. या कथेत आईपण सिद्ध झाले ते जन्माच्या दाखल्याने नव्हे. बालकाच्या जिवाची किंमत आपल्या हक्कापेक्षा जिला मोठी वाटली, ती आई ठरली.

हीच कसोटी आपल्या वादाला लावून पाहिली तर काय दिसते? चाहते जेव्हा घर कोणाचे याचा हिशेब मांडतात, तेव्हा ते विजेते मोजतात. रिंगणात पडलेल्यांना कोणीच मोजत नाही. १९६२ च्या मार्च महिन्यात बेनी पारेट हा क्यूबात जन्मलेला तरुण न्यूयॉर्कच्या रिंगणात दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांसमोर बेशुद्ध पडला आणि दहा दिवसांनी वारला. १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये किम डुक-कू हा दक्षिण कोरियाचा तरुण लास व्हेगास येथे चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांत मरण पावला. काही महिन्यांनी त्याच्या आईनेही आपली जीवनयात्रा संपविली. त्या मृत्यूनंतर जगज्जेतेपदाच्या लढती पंधरा फेऱ्यांवरून बारा फेऱ्यांवर आल्या. म्हणजे ब्रॉटनच्या काळाप्रमाणेच एका माणसाच्या प्राणाच्या मोबदल्यात नियमाची एक ओळ बदलली. पारेट आणि किम यांना घराच्या वादात कोणताही देश आपल्या बाजूने मोजत नाही. विजेत्याला चार घरे असतात आणि पडलेल्याला एकही नसते, असा हा हिशेब आहे.

आणि हे केवळ मृतांपुरते नाही. १९२८ साली हॅरिसन मार्टलंड या अमेरिकन वैद्यकतज्ज्ञाने दाखवून दिले की, मस्तकावर वारंवार ठोसे बसलेल्या मुष्टियोद्ध्यांत वर्षांनंतर चालण्याबोलण्यातील आणि बुद्धीतील बिघाड दिसू लागतो. हातमोज्यांनी मुठीचे हाड वाचते. मेंदूला बसणारा हादरा वाचत नाही. म्हणून या खेळातील खरी जखम टाळ्या थांबल्यावर, वर्तमानपत्रांनी पाठ फिरविल्यावर, घराच्या चार भिंतींत उघडी पडते. तिथे बहुधा एक पत्नी असते, नाहीतर म्हातारी आई, आणि नाव विसरू लागलेला एक माणूस. मुष्टियुद्धाचे घर शोधणाऱ्याने या घराचाही पत्ता विचारला पाहिजे.

या कसोटीवर उतरण्याचा प्रयत्न केल्याचे एक उदाहरण आम्हांला इंग्लंडमध्येच सापडते, आणि तेही स्वेच्छेने नव्हे तर न्यायालयाच्या हुकमाने. २१ सप्टेंबर १९९१ रोजी लंडनमध्ये ख्रिस युबँकशी लढताना मायकेल वॉटसन शेवटच्या फेरीत कोसळला. त्याला तातडीने शुद्धीवर आणणारी साधने आणि ती वापरणारे डॉक्टर रिंगणापाशी नव्हते. मोलाची मिनिटे वाया गेली. तो चाळीस दिवस बेशुद्ध राहिला, त्याच्या मेंदूवर सहा शस्त्रक्रिया झाल्या आणि पुढे त्याला पुन्हा बोलायला व चालायला शिकावे लागले. वॉटसनने ब्रिटिश मुष्टियुद्ध नियंत्रण मंडळावर दावा लावला. मंडळाचे म्हणणे असे की, आम्ही फक्त नियम करतो. उच्च न्यायालयाने आणि पुढे २००० साली अपील न्यायालयाने ते मान्य केले नाही. जो नियम करतो, परवाने देतो आणि ज्याच्या शब्दावर विसंबून तरुण रिंगणात उतरतो, त्याच्यावर त्या तरुणाच्या जिवाची जबाबदारीही येते, असा त्या निवाड्याचा आशय होता. २००१ साली चार लक्ष पौंडांवर तडजोड झाली, आणि ती रक्कम उभी करण्यासाठी मंडळाला लंडनमधील आपले मुख्यालय विकावे लागले.

ही गोष्ट वाचून आम्ही थबकलो. ज्या देशाला मुष्टियुद्धाचे घर म्हणवून घेण्याचा अभिमान, त्याच्या मुष्टियुद्ध मंडळाला पडलेल्या एका मुलाचे देणे फेडण्यासाठी आपले राहते घर विकावे लागले. आमच्या मते त्या वादात इंग्लंडच्या बाजूने पुढे ठेवावा असा सर्वांत बळकट पुरावा १८६७ चे नियम नसून हे विकलेले घर आहे. २००३ साली वॉटसनने लंडन मॅरेथॉनचे अंतर सहा दिवस चालून पूर्ण केले. शेवटी त्याच्यासोबत त्याच्यावर शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर होते आणि ज्याच्या ठोशांनी तो पडला होता तो युबँकही होता.

आता कोणी म्हणेल, शलमोनाची कसोटी अखेरपर्यंत न्यायची तर हक्कच सोडला पाहिजे. खेळच बंद केला पाहिजे. हा आक्षेप हलका नाही. स्वीडनने तेच केले. त्या देशाचा इंगेमार योहान्सन १९५९ साली अमेरिकेच्या फ्लॉइड पॅटरसनला हरवून जगज्जेता झाला होता. या विजयानंतर अकरा वर्षांच्या आत, १९७० पासून, स्वीडनने धंदेवाईक मुष्टियुद्धावर बंदी घातली. नॉर्वेने १९८१ साली तसेच केले. वैभव हाती असताना ते सोडणे ही सोपी गोष्ट नव्हे. परंतु बंदीनंतर स्वीडनचे तरुण लढायचे थांबले नाहीत. ते परदेशांत जाऊन लढू लागले. पुढे २००६ साली स्वीडनने आणि २०१४ साली नॉर्वेने ही बंदी अटींसह उठविली. शलमोनापुढील आईने हक्क सोडला होता, काळजी सोडली नव्हती. देशाने दार लावून घेतले आणि मूल दुसऱ्याच्या ओसरीवर जाऊन पडले, तर त्या दार लावण्याला आईचे मन म्हणता येईल का? आम्हांला याचे निर्विवाद उत्तर देता येत नाही. पण दाराबाहेर गेलेल्याची विचारपूस जो देश करीत नाही, त्याने हात झटकले असे म्हणावे लागेल, मग त्याचा कायदा कितीही निर्मळ असो.

हाच पेच ख्रिस्तसभेच्याही घरात आहे, आणि तो लपवून ठेवणे बरे नाही. २००५ साली येशूसंघीयांच्या 'ला चिव्हिल्ता कात्तोलिका' या रोममधील प्रतिष्ठित नियतकालिकाने धंदेवाईक मुष्टियुद्ध हे नीतीला धरून नाही, असा कठोर निर्णय दिला; कारण प्रतिस्पर्ध्याला इजा करून त्याला निकामी करणे हाच त्याचा हेतू असतो. दुसरीकडे, १९३० साली शिकागोचे साहाय्यक बिशप बर्नार्ड शील यांनी मंदीच्या काळातील बेकार मुले टोळ्यांच्या नादी लागू नयेत म्हणून कॅथलिक युवक संघटना स्थापन केली, आणि त्या मुलांना आत आणणारे मोठे आकर्षण मुष्टियुद्धाचे रिंगण हेच होते. त्या रिंगणाने किती मुलांना तुरुंगापासून वाचविले असेल! एका पारड्यात तो मेंदू, दुसऱ्या पारड्यात ते वाचलेले आयुष्य. खेळाचा हेतूच इजा हा असेल तर तो त्याज्य, या तत्त्वाशी आम्ही सहमत आहोत. पण ज्या मुलाला त्या रिंगणाखेरीज दुसरे दार उघडे नव्हते, त्याला केवळ तत्त्व सांगून भागत नाही. त्याला दुसरे दार उघडून द्यावे लागते.

शेवटी पुन्हा योहान्सन आणि पॅटरसन यांच्याकडे वळावेसे वाटते. १९५९ च्या लढतीत योहान्सनने पॅटरसनला एकाच फेरीत सात वेळा खाली पाडले. १९६० च्या दुसऱ्या लढतीत पॅटरसनचा ठोसा असा बसला की, योहान्सन निपचित पडला. विजयाचा जल्लोष चालू असताना हा कॅथलिक तरुण आपल्या प्रतिस्पर्ध्याजवळ गुडघे टेकून बसला. पुढे दोघे जिवलग मित्र झाले. समुद्र ओलांडून एकमेकांच्या घरी जाऊ लागले, स्टॉकहोमच्या मॅरेथॉनमध्ये एकत्र धावले. उतारवयात दोघांचीही स्मृती हरपली. पॅटरसन २००६ साली आणि योहान्सन २००९ साली गेले. एकाच्या देशाला या खेळाचे घर म्हणतात आणि दुसऱ्याच्या देशाने या खेळाला घराबाहेर काढले होते. पण त्या दोघांपुरते पाहिले तर खरे घर कोणते, याचे उत्तर १९६० च्या त्या रात्री रिंगणाच्या फळ्यांवर गुडघे टेकले गेले तेव्हाच मिळाले होते.

पडलेल्याला मारू नये, एवढे ब्रॉटनच्या नियमाने सांगितले. तो न्याय झाला. पडलेल्याला उचलावे, हे कोणत्याही नियमपुस्तकात नाही. ते घराने करायचे असते. म्हणून आमचा निवाडा असा की, मुष्टियुद्धाचे खरे घर नकाशावर एकदाच दाखवून मोकळे होता येणार नाही. जो देश, जे मंडळ, जो चाहता आपल्या विजेत्याइतकीच आपल्या जायबंदीची ओळख ठेवतो, तेवढ्यापुरते ते घर त्याचे असते. विसरला की हक्क गेला. 'आपला' म्हणणे ही मालकीची घोषणा नव्हे, ती कर्जाची कबुली आहे.

आणि हे दूरदेशीच्या चाहत्यांना सुनावून आपण सुटलो असे कोणी समजू नये. आपल्या धर्मग्रामातील एखादा मुलगा परीक्षेत पहिला आला, परदेशी मोठ्या पदावर गेला, धर्मगुरू झाला की, वेशीवर फलक लागतो आणि तो साऱ्या गावाचा 'आपला मुलगा' होतो. तोच मुलगा व्यसनात बुडाला, नोकरीवरून निघाला, संसार मोडून परत आला की, दुसऱ्याच दिवशी तो 'अमक्याचा मुलगा' होतो. भाषेतील हा बदल इतका सहज घडतो की, आपल्याला त्याची जाणीवही होत नाही. त्या मुलाच्या आईला मात्र ती होते. मिस्साविधी संपल्यावर ती आवारात न रेंगाळता घाईघाईने घराकडे का वळते, हे आपण स्वतःला विचारून पाहावे; आणि जमल्यास त्या रविवारी चार पावले तिच्याबरोबर चालावे.